उतार परला

त्या दिवशी मी सकाळपासूनच चिडलेली होते. तोवर खरं तर काहीच घडलं नव्हतं.

अलिबागच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असो, माईक मराठीच्या बाईंच्या हातात द्यायचा, असा अलिखित नियम आहे. रसायनशास्त्राचं चर्चासत्र असलं तरी सूत्रसंचालन माझंच. त्यामुळे विद्यापीठानं संसर्गजन्य आजारांवरच्या संशोधनाचा दोन दिवसांचा परिसंवाद आमच्या नव्या वातानुकूलित सभागृहात घ्यायचं ठरवलं, तेव्हा प्राचार्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. कार्यक्रमपत्रिकेवर माझं नाव छापूनच आलं. पाहुणे सकाळच्या रो-रो बोटीनं मुंबईहून गाड्यांसकट उतरले. आमच्या पोरींनी त्यांच्यापुढे कोळी नाच केला, आणि तो झाल्यावर प्रत्येक पाहुण्यानं आधी हाताला सॅनिटायझर लावलं. मी स्टेजवर उभी राहून हे बघत होते आणि 'आजच्या मंगल प्रसंगी' वगैरे म्हणत होते.

चिडायचं कारण मात्र तिसऱ्या रांगेत बसलं होतं. माझी भावजय. धाकट्या भावाची बायको. गळ्यात निळ्या फितीचा बिल्ला आणि त्यावर 'समुदाय प्रतिनिधी' असं लिहिलेलं. उरणजवळच्या आमच्या गावातून तिला आणायला गाडी पाठवली होती. आजारानं ज्यांच्या घरचं माणूस गेलं, अशा कुणालातरी समोर बसवायचं होतं त्यांना. मला हे आदल्या दिवशी कळलं. मी तिला फोन करून म्हटलं की येऊ नकोस, ही माणसं तुला शोभेला बसवतील आणि जेवून जा म्हणतील. ती म्हणाली, येते. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि विचारायला दुसरं कुणी भेटत नव्हतं.

माझा भाऊ वारला तो मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात. तो ट्रेलर चालवायचा, कंटेनर यार्डातून बंदरात आणि बंदरातून यार्डात. पण घरची भातशेती त्यानं सोडली नव्हती. गावाभोवती यार्डांचे भराव पडल्यापासून आमच्याकडे पाऊस पडला की पाणी जायचं विसरतं. खाडीच्या बांधात उघाडी असते, म्हणजे ओहोटीला पाणी बाहेर सोडायचं दार. ती प्लास्टिक आणि चिखलानं तुंबली होती. गावातले पुरुष कमरेइतक्या पाण्यात उतरून ती मोकळी करत होते, त्यात हा पुढे. बिळांत पाणी शिरल्यामुळे उंदीर बांधावर येऊन बसले होते, असं तोच हसत हसत मला फोनवर सांगत होता. टाचेला काहीतरी लागलंय, एवढंही म्हणाला होता.

मग ताप आला. भावजयीनं त्याला लगेच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे दोन माणसं पाण्यात बुडून काम करून आलेली आणि तापानं फणफणलेली रांगेत असतानाही डॉक्टरनं व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. ताप उतरला. त्यानं उठून पेज मागितली. परवा गाडीवर जातो म्हणाला. आणि मग पुन्हा ताप चढला, डोळे हळदीसारखे झाले, लघवी थांबली. नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की इतका उशीर का केलात. तिथेच तो गेला. लेप्टोचा, म्हणजे उंदरांमुळे साचल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, रिपोर्ट आला तेव्हा आम्ही त्याचे दिवस घालत होतो.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाची मुलं गावात आली. घरोघर जाऊन विचारत होती, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून घेत होती. भावजयीनं त्यांना सगळं सांगितलं, चहा दिला. कुठंतरी लिहिलं जाईल, दुसऱ्या कुणाचा नवरा वाचेल, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. चांगली पोरं दिसतायत, असं मीच तिला म्हटलं होतं.

शिमगा झाल्यावर ती मुलं परत आली, आणि या वेळी पथनाट्य घेऊन. देवळासमोर लाऊडस्पीकर लावला. जनजागृती. एक मुलगा हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवत आला. मग तो उघाडी साफ करायला पाण्यात उतरला, मग तापानं कण्हत आडवा झाला. लुगडं नेसलेली एक मुलगी त्याच्या अंगावरून लिंबू आणि भाताची मूद ओवाळून तिठ्यावर ठेवायला धावली. 'दवाखाना नको, उतारा हवा' असं म्हणत धावली. लोक हसले. नवरा मेला, मग मुलांनी हात जोडून सांगितलं की अंधश्रद्धेपायी उशीर करू नका.

नाव कुणाचं घेतलं नव्हतं. नाव घेतलं नाही म्हणजे गुपित राखलं, असं शिकलेल्या लोकांना फार वाटतं. आमच्या गावात उघाडी साफ करायला उतरून तापानं गेलेला ट्रेलर ड्रायव्हर एकच होता. नाटक संपायच्या आत सगळ्यांच्या माना भावजयीकडे वळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आईनं आपला भात वेगळ्या टोपात शिजवायला घेतला. सुनेच्या हातचं पाणी तिनं सोडलं. बोलणंही सोडलं. बायका लहान पोरांना आमच्या अंगणापासून लांबून नेऊ लागल्या. नववीतल्या माझ्या भाचीला शाळेत विचारलं गेलं की तुझ्या आवशीनं लिंबू कुठल्या तिठ्यावर टाकला. भावजयीनं मला फोनवर एवढंच सांगितलं, 'ताई, मी नाय केला उतारा.' मी म्हटलं, मला माहीत आहे. पण तो उतारा आला कुठून, हे ना तिला कळत होतं ना मला. मी समजले, नाटकवाल्या पोरांनी मनानंच घातला असेल. मी विद्यापीठात फोन केले. एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं पहिल्याचा.

तर अशी ती माझी भावजय, घडीची साडी नेसून, बिल्ला सरळ करत तिसऱ्या रांगेत बसली होती.

दुपारआधीच्या सत्राचा विषय होता 'उपचारास होणारा विलंब'. बोलणारे सर विद्यापीठातले. त्या अभ्यासाचे ते प्रमुख. माणूस सभ्य, आवाज मऊ. सुरुवातीला मराठीत नमस्कार केला, समुदायातून आलेल्या ताईंचे आभार मानले, आणि मग इंग्रजीत शिरले. मला राग यायला निदान एखादा मग्रूर माणूस हवा होता, तोही मिळाला नाही.

त्यांनी पडद्यावर आमचा परिसर दाखवला. तुंबलेलं पाणी, शेत, उंदीर. भराव दाखवले नाहीत. मग आजाराची माहिती दिली. एक आलेख होता. तापाची रेघ वर चढते, मग खाली येते, सपाट होते आणि पुन्हा वर जाते. खाली आलेल्या जागी त्यांनी लाल टिंब फिरवून दाखवलं. या काळात रुग्णाला बरं वाटतं, असं म्हणाले. हे बोलायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नसेल. ते पुढे सरकले, मीही फारसं लक्ष दिलं नाही.

नंतर ते मराठीत म्हणाले की आता आपण समुदायाचा आवाज ऐकूया.

सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून माझ्या भावजयीचा आवाज आला. पडद्यावर चेहरा नव्हता, काळ्यावर फक्त पांढरी इंग्रजी अक्षरं. 'ताप आयला. दवाखान्यान नेला, गोल्या दिल्या. मंग उतार परला. म्हनून घरान ठेवला.' बस, एवढंच.

मी तिच्याकडे पाहिलं. ती किंचित हसत होती. आपला आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता तिनं, आणि जे घडलं तेच तो आवाज सांगत होता. इंग्रजी तिला वाचता येत नाही. बाकीचं सभागृह ऐकत नव्हतंच, वाचत होतं. खाली लिहिलं होतं की पतीला ताप आला, गोळ्या घेतल्या, मग पत्नीने उतारा टाकून त्याला घरात ठेवले. उतारा हा शब्द त्यांनी इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवला होता आणि शेजारी अर्थ दिला होता, भूतबाधा उतरवण्याचा विधी. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी च्च केलं आणि मान हलवली.

इतके दिवस कोडं पडलं होतं ते इथे, भर सभागृहात, वातानुकूलित हवेत सुटत होतं. आमच्या आगरी बोलीत 'ड' चा 'र' होतो. घोडा तो घोरा, गाडी ती गारी. पडला ते परला. उतार पडला, म्हणजे दुखणं कमी झालं, हे तर पुण्याचा माणूसही म्हणतो. पण रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणाऱ्या कुणा पोरीला 'परला' कळलं नाही. न कळलेला शब्द तिनं टाकून दिला आणि उरलेल्या 'उतार'ला एक काना जोडला. गावातली बाई, नवरा आजारी, म्हणजे उतारा असणारच. पुन्हा विचारायची तिला गरज वाटली नाही, कारण उत्तर ती घरून घेऊनच आली होती. एका कान्यावर संशोधन उभं राहिलं, संशोधनावर नाटक उभं राहिलं, आणि त्या नाटकावर माझ्या आईनं वेगळा टोप चढवला.

सरांचं बोलणं संपलं. मी माईकपाशी गेले. सरांची मांडणी अत्यंत अभ्यासपूर्ण होती, असं मी म्हणायचं होतं. ते कागदावर लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "सर, ती क्लिप पुन्हा लावाल का?"

ते खूश झाले. लावली. आवाज पुन्हा सभागृहभर फिरला. मागच्या रांगांत आमची मुलं हजेरीसाठी बसवली होती. त्यांत उरण, पेण, पनवेलकडची कितीतरी. मी त्यांना विचारलं की शेवटून दुसरं वाक्य काय आहे. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, "उतार परला. म्हणजे उतार पडला, मॅडम. ताप कमी झाला." तिच्या बाजूच्या तिघी-चौघींनी माना डोलावल्या. एवढी सोपी गोष्ट परीक्षेत का विचारतायत, असे त्यांचे चेहरे होते.

मी पडद्याकडे बोट केलं. अक्षरं अजून तिथेच होती.

मी ओरडले नाही. आमच्या एका सहकारी बाई नंतर म्हणाल्या की तुझा आवाज फार चढला होता, पण मला तसं आठवत नाही. मी एवढंच सांगितलं की या आवाजाची मालकीण इथे बसलेली आहे, तिनं कुठलाही उतारा टाकलेला नाही, आणि या एका शब्दानं गावात तिचं काय झालं आहे. सर भाषांतराबद्दल काहीतरी बोलू लागले. टीम तरुण आहे, बोलीभाषेची मर्यादा असते, आम्ही नोंद घेऊ.

तेवढ्यात भावजय उभी राहिली. तिच्याकडे माईक नव्हता आणि तिनं मागितलाही नाही. तिला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं.

"साहेब, उतार परला व्हता. त्यानं पेज पिवली. मंग तो गेला कसा?"

मी खोटं कशाला बोलू, सरांनी फार नीट सांगितलं. सोप्या मराठीत सांगितलं. तो आलेख पुन्हा पडद्यावर आणला आणि म्हणाले, ताई, या आजारात असंच होतं. ताप मधेच उतरतो, माणूस उठून बसतो, सगळ्यांना वाटतं की बरा झाला. पण आजार आत चालूच असतो. मग तो मूत्रपिंडावर, यकृतावर जातो. म्हणून पहिल्या तापालाच योग्य औषध सुरू व्हावं लागतं, आणि बरं वाटलं तरी पुन्हा तपासणीला यावं लागतं.

ती ऐकत होती. तिनं मान हलवली आणि खाली बसली.

आणि मला खरा संताप तिथे आला. या माणसाला माहीत होतं. सगळं माहीत होतं. खाली येणारी ती रेघ त्यानं स्वतः काढली होती. एक बाई त्याच्या मोबाइलात तीच रेघ तोंडानं सांगून गेली होती, आणि त्यानं आणि त्याच्या टीमनं तिच्यातून भूत काढलं. मी तसंच म्हणाले. म्हणाले की सर, तुमच्या आलेखात जे लाल टिंब आहे, तेच ती बोलत होती. आणि बरं वाटलं तरी परत या, हे वाक्य दवाखान्यात कुणी तिला बोललं असतं, तर आज ती इथे बिल्ला लावून बसली नसती. विलंब कुणी केला ते तुमच्या पडद्यावर चुकीचं लिहिलं आहे.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. वेळ संपली आहे, जेवण तयार आहे.

जेवणाच्या मांडवाच्या दारात सर माझ्याकडे आले. हातात रिकामी ताटली, चेहरा दुखावलेला. म्हणाले की मॅडम, तुम्ही हे मला खाजगीत सांगू शकला असता.

"गावात नाटक खाजगीत केलं होतं का?" मी विचारलं.

त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की इतक्या मुलाखतींमधली ही एक, त्यामुळे मुख्य निष्कर्षात फरक पडत नाही. मी म्हटलं, तुमच्या निष्कर्षात पडत नसेल, तिच्या चुलीत पडला. मी त्यांना म्हटलं की तुम्ही गावात या. जिथे लाऊडस्पीकर लावला होता तिथेच लावा, आणि आता बोललात तसं, त्याच सोप्या मराठीत, पाच मिनिटं बोला. ते म्हणाले, बघतो, कळवतो. मग कुणीतरी त्यांना सुरमई संपायच्या आत जेवायला चला म्हणून घेऊन गेलं.

भावजयीला सोडायला गाडी होती, पण मी म्हटलं आपण आपलं जाऊ. दुसऱ्या दिवसाचा समारोप मी करणार नाही, असं प्राचार्यांना कळवलं. त्यांनी फोन ठेवायला जरा वेळ घेतला. आम्ही रेवसला आलो आणि करंजाला जाणारी लाँच पकडली. खाडीच्या पलीकडे बंदराच्या क्रेन दिसत होत्या. ती लाकडी फळीवर बसून बिल्ल्याची फीत बोटाला गुंडाळत होती.

ती म्हणाली, "म्हंजे माजा काय चुकला नाय."

मी म्हटलं, नाही. कुणाचंच घरात काही चुकलं नाही. ती खाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आयेला नको सांगू." मी म्हटलं, तिलाच तर सांगायचंय. तिनं बिल्ला पिशवीत टाकला. सासू म्हातारी आहे, पोटचा गेला आहे, म्हणून ही तिला जपते आहे, असं मला वाटलं. माझ्या भावजयीचा स्वभावच तसा. मला तो कधीकधी सहन होत नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई ओटीवर सुकट निवडत बसली होती. भावजय सरळ आत गेली. मी मात्र पायसुद्धा न धुता आईसमोर बसले आणि सुरू झाले. सगळं सांगितलं. सभागृह, आवाज, खालची अक्षरं, मागच्या रांगेतली मुलगी, सर त्या आजाराबद्दल काय म्हणाले ते. मला वाटत होतं की ती चकित होईल, रडेल, कपाळाला हात लावेल. मी वाट बघत होते. माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर होता, हे मला आता कळतं.

आई सुकटातले कचऱ्याचे तुकडे वेचून बाजूला टाकत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "मना ठावं हाय."

मी विचारलं, काय ठाऊक आहे.

"तिनं उतारा नाय टाकला. घरान मी व्हती ना. उतार परला मीच बोल्लू. त्याच्या कपालाला हात लावून बोल्लू. ती पुन्ना दवाखान्यान नेतं बोल्ली. मी बोल्लू, उतार परलाय, आता कनाला नेतंस, झोपू दे पोराला."

आत भांडी वाजायची थांबली.

मग ते नाटक झालं, गावात उतारा उतारा व्हायला लागलं, तेव्हा तू का नाही बोललीस, असं मी विचारलं. हे शब्द मी बरेच हळू उच्चारले असावेत, कारण तिनं पुन्हा विचारायला लावलं.

ती म्हणाली, "लोका उतारा बोल्ली. मी गप रेली."

मी आईवर आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. सरांवर चिडणं सोपं होतं, ते परके. दवाखान्यातल्या डॉक्टरवर चिडणं सोपं, त्याचा चेहराही मला माहीत नाही. ही समोर मांडी घालून बसलेली बाई, जिनं मला वाढवलं, तिनं सुनेच्या हातचं पाणी टाकलं ते सुनेचं पाप म्हणून नव्हे. स्वतःचं वाक्य कुणाला दिसू नये म्हणून टाकलं. नाटक करून गेलेली मुलं निदान चुकली तरी होती. ही तर चुकलीच नव्हती. हिला सगळं माहीत होतं. मी तिला हेच सगळं, याहून वाईट शब्दांत, ऐकवलं. तू त्याला मारलं नाहीस, आजारानं मारलं, तुलाही त्यानं फसवलं, तो डॉक्टरही फसला. पण हिला तू रोज थोडं थोडं मारत होतीस, असं म्हणाले. ती सुकट निवडत राहिली.

भावजय दारात येऊन उभी होती. "ताई, बस आता," ती म्हणाली. "आय हाय ती त्याची."

तिला हे सुरुवातीपासून माहीत होतं. दवाखान्यात पुन्हा नेऊ म्हणणारी तीच, आणि नको म्हणणारी कोण हे मोबाइल घेऊन आलेल्या मुलांना न सांगणारीही तीच. 'घरान ठेवला,' एवढंच ती बोलली होती. कुणी ठेवला ते नाही.

त्या रात्री शिकवणीहून आलेल्या भाचीसकट आम्ही चौघी जेवायला बसलो. दोन टोपांतला भात, चार ताटं.

शनिवारी दुपारी सरांचा मेसेज आला. भाषा फार चांगली होती. कालच्या चर्चेबद्दल धन्यवाद, संबंधित मुलाखतीबाबत संदिग्धता असल्यामुळे ती अभ्यासातून वगळण्यात आली आहे, गावभेटीबद्दल सध्या काही सांगता येत नाही. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. चूक दुरुस्त केली नव्हती, वगळली होती. उताऱ्याबरोबर उतारही गेला, गोळ्या देऊन घरी पाठवणारा दवाखानाही गेला, आणि माझा भाऊही. त्या अभ्यासात आता तो मेलेलाच नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मोबाइल उशीखाली टाकला.

मेसेज मी भावजयीला वाचून दाखवला तेव्हा आई पलीकडे पडली होती. ती ऐकते आहे की नाही हे कळलं नाही.

रविवारी सकाळी करंजाची कोळीण पाटी घेऊन आली. रविवार, म्हणजे आळीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणातच जमतात, कारण पाटी उतरवायला सावली तिथेच आहे. भाव चालला होता, बोंबील हाताळले जात होते. भावजय ओट्याच्या टोकाला पाटावर बसून घेतलेले बोंबील कापत होती. तिच्या बाजूला कुणी उभं नव्हतं. तसं आता रोजचंच झालं होतं.

आई काठी टेकत बाहेर आली. मला वाटलं मासळी बघायला आली. ती पाटीपाशी गेलीच नाही. अंगणाच्या मधे उभी राहिली आणि मोठ्यानं, नाटकवाल्यांना लागला होता तसला लाऊडस्पीकर नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"माज्या सुनेनं उतारा नाय टाकला. पोराला उतार परला, ता मी बोल्लू. दवाखान्यान नको नेव, ता पन मीच बोल्लू. जिला कोनाला नावा ठेवायची हाय तिनं मना ठेवा."

कोळणीचा हात तराजूवरच राहिला. एक बाई पदर तोंडाशी घेऊन खाली बघू लागली. आई वळली, सुनेपाशी गेली, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "पानी दे."

भावजयीनं कोयता बाजूला ठेवला. हात धुतले. आत जाऊन तांब्या आणला आणि आईच्या हातात दिला. आई पिऊ लागली. ती पीत होती तोवर भावजय समोर उभी राहून बघत होती. इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो परत घेतला.

"आये," ती म्हणाली, "तू लय उशीर केलास."

आणि ती पुन्हा बोंबील कापायला बसली.